संगमाच्या अलीकडचा चौक

सिद्धार्थ गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर पोरांकडून संचलन करून घेत होतो. फोन त्याच्या मेव्हण्याचा. सकाळी एका लग्नाच्या मंडपाचं सामान टेम्पोत भरून झालं, सिद्धार्थनं प्यायला पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत टेम्पोच्या चाकाला टेकून बसल्या बसल्याच तो गेला. एवढं ऐकून मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. पोरांना 'थांब' म्हणायचं राहून गेलं. ती बिचारी डावा-उजवा करत कुंपणाच्या भिंतीपर्यंत गेली आणि तिथेच जागच्या जागी पाय आपटत राहिली... शेवटी दुसऱ्या सरांनी येऊन त्यांना वर्गात पाठवलं. मी मोटरसायकल काढली. त्याच्या गावी पोचलो तेव्हा निघायची तयारी झाली होती. भन्तेजी आले होते, बायका एका बाजूला बसल्या होत्या. त्या वेळातलं मला फारसं काही आठवत नाही. कुणीतरी मला पुढे नेलं, मग मागे आणलं, एवढंच. नंतर एका ओळखीच्या पत्रकाराचा फोन आला, "सर, पुरवणीसाठी तुम्हीच लिहा, तुम्ही त्याच्या सगळ्यात जवळचे." मी हो म्हटलं आणि कितीतरी आठवडे टाळत राहिलो. जवळचा होतो, हे खरं आहे. पण सिद्धार्थविषयी लिहायचं म्हणजे त्या दौडीविषयी लिहावं लागणार, आणि त्या दौडीत माझा पहिला नंबर आला होता. अडचण तिथेच आहे.

महागावपासून हिवरा संगमापर्यंतच्या पट्ट्यात सिद्धार्थ मंडपवाला माहीत नाही असं घर सापडणार नाही. लग्न असो, जयंती असो, भागवत सप्ताह असो की पुढाऱ्याची सभा, कनाती त्याच्या, खुर्च्या त्याच्या, माईक त्याचा. सगळे मंडपवाले माईक तपासताना 'हॅलो हॅलो' म्हणतात, हा 'आलू-कांदा, आलू-कांदा' म्हणायचा. एकदा एका गंभीर कार्यक्रमात, मोठे पाहुणे स्टेजवर येऊन बसल्यावर यानं 'आलू-कांदा' म्हटलं आणि मागच्या बाजूने कुणीतरी 'काय भाव?' असं ओरडलं. पाहुणेसुद्धा हसले. त्याच्याबद्दल असं सांगायला बसलं तर दिवस पुरणार नाही, आणि लोकांनी शोकसभेत ते सगळं सांगितलंच. मी तिथे बोललो नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. तब्येत चांगली होती.

आमची ओळख पुसदच्या कॉलेजातली. तो संगमाच्या अलीकडच्या गावचा, मी पुसदच्या जवळचा. दोघंही पूस नदीचंच पाणी प्यालेले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदवीही सोबतच घेतली. सुट्ट्यांमध्ये मी त्याच्या घरी जाऊन राहायचो, कारण त्याच्या गावाहून संगमाकडे जाणारी बैलगाडीची वाट धावायला फार छान होती. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कापसाची पऱ्हाटी. आमच्या पायांतले कॅनव्हासचे बूट तळाला विरलेले, आणि वाटेवर बाभळीचे काटे. म्हणून आमचा एक नेम ठरून गेला होता. एकाला काटा रुतला की दुसऱ्यानं थांबायचं. काटा निघेपर्यंत जागच्या जागी उड्या मारत राहायचं, पण पुढे जायचं नाही. सिद्धार्थच्या बनियनला कायम एक सेफ्टी पिन अडकवलेली असायची. खरं सांगायचं तर काटा बहुतेक वेळा मलाच लागायचा, कारण मी धावताना खाली बघत नसे. तो माझा पाय मांडीवर घेऊन काटा काढायचा आणि वर मलाच झापायचा, "तुह्या एकट्याच्याच पायात काहून जातात बे काटे? सोयरे हायेत का तुहे?" घरी परतलो की त्याची माय भाकर-ठेचा पुढे ठेवायची आणि म्हणायची, "धावता कायले रे एवढं? कोन मांगं लागलं तुमच्या?"

तो माझ्यापेक्षा चांगला धावायचा. हे मी आता तो गेल्यावर मोठेपणानं म्हणत नाही. आमचा सराव ज्यांनी ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. मी जोर लावून धावायचो, आणि हा बोलता बोलता धावायचा. शेवटच्या टप्प्यात मला श्वास पुरत नसे आणि हा पुढे उलटा धावत माझ्याकडे तोंड करून गाणं म्हणायचा. राग यायचा मला. असूयाही होती थोडी, ती का लपवू?

मग ती कापसाची वाईट वर्षं आली. आमच्या जिल्ह्याबाहेरच्या लोकांना त्या वर्षांविषयी जे माहीत आहे ते वर्तमानपत्रांतून माहीत आहे. गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, कुणाच्या तरी दारात थांबायचे आणि निघून जायचे. पूर्वी वेचणीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांवरून ओरबाडला गेलेला कापूस लटकलेला दिसायचा, तोही विरळ झाला. सिद्धार्थचे वडील ज्या जिनिंगमध्ये हमाली करायचे ते बंद पडलं आणि ते घरी बसले. आमच्या घरी शेती होती, पण बाप रोज सकाळी माझ्याकडे बघून एकच विचारायचा, "काही लागलं का?" दोघांच्याही घरात पोराची नोकरी हा एवढाच विषय होता. शाळांमध्ये जागा निघत नव्हत्या, निघाल्या तर आमच्यापर्यंत पोचत नव्हत्या.

अशात पुसदच्या काही व्यायाम करणाऱ्या मंडळींच्या डोक्यात आलं की आपल्या जिल्ह्याचं नाव पेपरात येतं ते एकाच कारणासाठी. एकदा तरी दुसऱ्या कारणासाठी यावं. त्यांनी नदीकाठच्या गावांमधून दौड ठरवली. पुसदहून निघायचं, गुंज, महागाव करत पूस जिथे पैनगंगेला मिळते त्या हिवरा संगमापर्यंत जायचं. अंतर कुणाच्या तरी मोटरसायकलच्या मीटरवर मोजलं, ते मॅरेथॉनएवढं भरेना, म्हणून पुसद शहरातूनच एक जास्तीचा फेरा घातला. आणि सुरुवातीच्या ठिकाणी एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनी माईक हातात घेऊन जाहीर करून टाकलं, की आमच्या शाळेत क्रीडाशिक्षकाची एक जागा आहे, पहिला येणारा शिकलेला असेल तर ती त्याची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यासोबत धावणाऱ्यांमध्ये ती पदवी असलेले आम्ही दोघंच होतो. सिद्धार्थनं माझ्याकडे बघितलं आणि डोळा मिचकावला. मला त्याच्यासारखं हसता आलं नाही.

आता, दौड म्हणजे काय हे आयोजकांना माहीत होतं. वाटेवरच्या गावांना मात्र एवढंच कळलं होतं की आपल्या गावावरून एक मोठा कार्यक्रम जाणार आहे. आणि आमच्याकडे गावात कुणी नाव काढलेला माणूस आला आणि त्याचा सत्कार झाला नाही, तर ते गावाला कमीपणाचं. एवढ्या वर्षांत कुणाच्या दारात आनंदाचं काही झालं नव्हतं. लोक सणासारखे तयार होऊन रस्त्यावर आले होते. गावागावात कमानी, पताका, रांगोळ्या, आणि एक हार हातात घेऊन उभे असलेले मानकरी. पहिला जो येईल त्याला थांबवायचं, कुंकू लावायचं, हार घालायचा, चार शब्द बोलायचे. दौडीत थांबलं की माणूस मागे पडतो, हे त्या हाराच्या आनंदात कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मागून येणाऱ्यांसाठी हार नव्हते, त्यामुळे आम्हाला कुणी अडवलं नाही.

सगळीकडे पहिला सिद्धार्थच होता. मी बराच मागे होतो. वाटेवरचे लोक मला ओरडून सांगायचे, "तो गेला, लय दूर गेला!" गुंजला त्याला बायकांनी ओवाळलं. महागावला तर स्टेजच होतं. त्याला वर ओढून शाल-श्रीफळ दिलं. शाल त्यानं तिथेच कुणाच्या तरी खांद्यावर टाकली, पण नारळ हातात घेऊनच धावत सुटला. गावाबाहेर शेळ्या चारणारी एक म्हातारी नारळ घेऊन उभी असलेली मला दिसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तो पोरगा देऊन गेला रे बाप्पा, लय गडबडीत होता." धापा टाकतही मला हसू आलं. आणि हेही लक्षात आलं की शेळ्यांची धूळ अजून खाली बसली नव्हती, म्हणजे तो फार पुढे नव्हता.

त्यानंतर लागलं त्याचं स्वतःचं गाव. संगमाच्या अलीकडचं. हमरस्ता त्या गावाच्या चौकातूनच जातो. त्या चौकाविषयी सिद्धार्थ मला एकदाच बोलला होता, नदीकाठी बसलो असताना. त्याचा आजा त्या चौकातून जाताना वहाणा हातात घ्यायचा. बापानं त्या पायात ठेवल्या, पण मान खाली घालूनच तो तिथून जायचा. "मी मान वर करून जातो," सिद्धार्थ म्हणाला होता, "पन त्या चौकानं मले आजून नावानं हाक नाई मारली." त्या दिवशी त्या चौकानं त्याला नावानं हाक मारली. लांबूनच लाऊडस्पीकरवर ऐकू येत होतं, 'आपल्या गावचे सुपुत्र...' मी वळण घेऊन चौकात आलो तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं स्टेज केलेलं होतं, त्यावर सिद्धार्थ मान वाकवून उभा होता आणि गावातले एक जुने मातबर गृहस्थ त्याच्या गळ्यात झेंडूचा आणि कापसाच्या बोंडांचा हार घालत होते. दुसऱ्या हातात माईक. हार घालून झाला तरी त्यांचं बोलणं संपत नव्हतं. खाली त्याचे वडील पांढरा सदरा घालून उभे होते. मान वर होती त्यांची.

गर्दीच्या कडेनं जायला जागा होती. सिद्धार्थनं मला पाहिलं. मी त्याला पाहिलं, आणि नजर काढून घेतली.

त्याला काटा लागला होता आणि मी थांबलो नाही, असं मी पुढे स्वतःला कितीदा म्हटलं असेल. पण त्या क्षणी असं काही मनात आलं नाही. त्या क्षणी मला आनंद झाला होता. एवढ्या मोठ्या दौडीत तो थांबणं म्हणजे काय, हे जाणणारा मी एकटाच होतो. त्याला तिथून निघता येणार नाही हेही मलाच ठाऊक होतं. आणि तेच कळून माझ्या पायांत बळ आलं. तिथून संगमापर्यंत मी जसा धावलो तसा आयुष्यात कधी धावलो नाही. मागं काही उरलेलंच नाही, असा.

तो थोड्या वेळानं दुसरा आला. हार वडिलांजवळ ठेवून आला होता, खांद्यावर झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. आल्या आल्या त्यानं मला उचललं आणि ओरडला, "पयला नंबर! आपला वसंता पयला नंबर!" तेव्हापासून 'पयला नंबर' हेच माझं नाव पडलं. नोकरी मला लागली. ज्या अध्यक्षांनी शब्द दिला होता त्यांनी तो पाळला, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. सिद्धार्थनं वर्षभर इकडेतिकडे अर्ज केले आणि मग एका मंडपवाल्याच्या हाताखाली लागला. पुढे स्वतःचं सामान घेतलं, लग्न केलं, पोरं झाली. दुःखी होता असं म्हणता येणार नाही. माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मंडप त्याचाच असायचा. दोरी ओढता ओढता तो नव्या शिक्षकांना सांगायचा, "याईले ओळखता का? पयला नंबर हायेत हे. मी दुसरा." सगळे हसायचे. मी एकदा त्याच्यावर चिडलो, सगळ्यांसमोर. "बंद कर रे ते आता!" असं जरा जोरातच बोललो. तो स्टेजवर चढला आणि माईकमध्ये म्हणाला, "आलू-कांदा."

मी कुणाजवळ हे बोललो नाही असं नाही. बापाजवळ बोललो, तो म्हणाला, देणारा देतो, घेणाऱ्यानं घ्यावं. बायकोजवळ बोललो, ती म्हणाली, शर्यतीत कुणी कुणासाठी थांबतं का? बरोबरच्या शिक्षकांनी तर मला नियम समजावून सांगितले. माझ्या बाजूनं सगळे वकील, फिर्यादी कुणीच नाही. शेवटी एका लग्नात, पंगती उठल्यावर, मी सिद्धार्थलाच गाठलं. म्हटलं, मी त्या दिवशी थांबायला पाहिजे होतं. त्यानं खुर्च्या एकात एक रचणं थांबवलंही नाही. "तू थांबला असता त त्यायनं तुलेही वर घेतलं असतं. मंग आपुन दोघं स्टेजवर उभे, अन् तिसराच कोनी संगमावर. कायले तेच ते उगाळून राह्यला? धर, हे टोक धर." मी खुर्च्यांचं टोक धरलं. मला वाटलं होतं तो एकदा तरी चिडेल, मला शिवी देईल, आणि माझी सुटका होईल. त्यानं ती कधी दिली नाही. तो इतका चांगला होता म्हणून मी त्याला टाळू लागलो, हेही इथे लिहायला हवं. गेल्या काही वर्षांत मी त्याच्या घरी क्वचितच गेलो. तो बोलवायचा, मी कारणं सांगायचो. शाळेच्या माणसाकडे कारणांना तोटा नसतो.

परवा गेलो. हा लेख लिहायचा म्हणून गेलो, की आणखी कशासाठी, मला नीट सांगता येणार नाही. दुपारची वेळ होती. वंदनावहिनी घराला लागून असलेल्या सामानाच्या खोलीत होत्या. खोलीत छतापर्यंत रचलेल्या खुर्च्या, बांबू, दोऱ्यांची वेटोळी, आणि उन्हात वाळवून आणलेल्या कनातींचा ढीग. व्यवसाय त्या आणि त्यांचा भाऊ मिळून चालवणार म्हणाल्या. हंगामाच्या तारखा घेतलेल्या आहेत, लोकांना नाही कसं म्हणायचं? मी एका पालथ्या घमेल्यावर बसलो. पोरांची चौकशी केली, चहा झाला. मग बोलायला काही उरलं नाही तेव्हा मी विचारलं.

"वहिनी, त्याला माझा राग होता का?"

त्या कनातीची धूळ झटकत होत्या. झटकत राहिल्या.

"होता," त्या म्हणाल्या. "तुमाले काय वाटलं, नव्हता?"

त्यांनी पुढची कनात ओढून घेतली.

"नोकरी भेटली तुमाले, त्याचा नाई. ते म्हनत, त्याच्याही घरी गरज होती. पन त्या चौकापासून पुढच्या वळनापर्यंत रस्ता सरळ हाये ना, भाऊजी. तिथं स्टेजवर उभं राहून ते वळनापर्यंत पाहत होते तुमाले. एक डाव वसंता मांगं वळून पाहीन, असं वाटलंतं त्याईले. पाह्यलं नाई तुमी." मग जरा हसल्यासारखं करत म्हणाल्या, "अन् त्या दिवसापासून हार त कोनाले गळ्यात घालूच देला नाई. हार पडला का पाय थांबतात, म्हनत. आमच्या लग्नातही हातात घेतला, माही माय किती बोलली त्याईले... म्हनून ते गेले त्या दिवशी मी साऱ्याईले सांगतलं होतं, गळ्यात नका घालू, पायापाशी ठेवा. साऱ्यायनं ऐकलं. तुमी उशिरा आले. एवढा मोठा हार घेऊन आले, अन् सिधा गळ्यातच घातला."

तेव्हा मला आठवलं. महागावच्या स्टँडवर मी मोटरसायकल थांबवली होती. होता त्यातला सगळ्यात मोठा हार मी मागितला होता.

"मग अडवलं का नाही मला?" मी विचारलं.

"अडवनारच होती," त्या म्हणाल्या. "उठलीही होती जागची. मंग म्हटलं, जाऊ दे... आता कुठं पळाचं हाये त्याईले."

मला फिर्यादी हवा होता, तो असा मिळाला. मग वहिनींनी कनातीचं एक टोक माझ्या पुढ्यात धरलं. ते कापड लांब असतं, एकट्याला घडी घालता येत नाही. हे काम सिद्धार्थ आणि त्या मिळून करायचे. मी उठलो, टोक धरलं, मागे मागे सरकत भिंतीपर्यंत गेलो, आणि आम्ही ते दुमडत दुमडत एकमेकांजवळ आणलं. माझ्या बाजूची कड वाकडी आली होती. वहिनींनी ती बघितली. घडी उलगडली, आणि टोक पुन्हा माझ्या हातात दिलं.